श्रोत्यांचे दप्तर

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बखरी, सनदा, ताम्रपट आणि रुमालात बांधलेली जुनी दप्तरे उभी राहतात. हे स्वाभाविकच आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला. पुढे आयुष्यभर गावोगाव पायपीट करून, जुन्या घरांतून धूळ खात पडलेले कागद धुंडाळून, त्यांनी महाराष्ट्राला एक गोष्ट शिकवली. मुद्दाम लिहविलेली बखर आणि कामाच्या ओघात कोणी कोणास धाडलेले पत्र, या दोहोंत पत्राची साक्ष अधिक मोलाची. बखर सजविलेली असते. पत्राला सजण्याची सवड नसते.

आज आम्ही ज्या साधनाविषयी बोलणार आहोत ते कागदाचे नाही, आवाजाचे आहे. जलशाला आलेल्या एखाद्या श्रोत्याने आपल्या पदरच्या यंत्रावर, आपल्या हौसेने केलेले ध्वनिमुद्रण हे ते साधन. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, कंपनीने काढलेली तबकडी ही संगीताच्या इतिहासातील बखर होय, आणि श्रोत्याने भरलेली फीत हे त्यातील पत्र होय. आणि ज्याप्रमाणे राजवाड्यांच्या काळी पत्रे वाण्याच्या पुड्या बांधण्यात जात होती, त्याप्रमाणे या फिती आज रद्दीत जात आहेत.

हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी आम्ही मुद्दामच असे उदाहरण घेतो की, जे वडीलधाऱ्या मंडळींना परके वाटेल आणि त्यांच्या नातवंडांना मात्र चांगले ठाऊक असेल. ‘हेवी मेटल’ नावाचा एक पाश्चात्त्य संगीतप्रकार आहे. त्याचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात शोधतात. तेथील ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यमेळाची पहिली तबकडी १९७० साली निघाली. त्या मेळातील गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोके तुटली होती. डावखुरा असल्यामुळे ही तारा दाबण्याच्या हाताचीच बोटे होती. त्याने बोटांना टोपणे बसविली, पुढे तारा सैल लावल्या, आणि त्यातून जो खालचा, जड, घुमणारा नाद निघाला तो या प्रकाराची ओळख होऊन बसला. हे संगीत कानाला कठोर वाटते, हे खरे. परंतु कारखान्यांच्या शहरातील तरुणांनी आपल्या भोवतालच्या आवाजालाच सूर दिला, असे मानले म्हणजे त्या कठोरपणाचे नवल वाटत नाही.

याच प्रकारातील ‘आयर्न मेडन’ या इंग्रजी मेळाचा जलसा १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर झाला. त्यांच्या जगप्रवासाचा प्रारंभच मुंबईहून झाला होता. मेळाचा गायक ब्रूस डिकिन्सन हा स्वतः वैमानिक असून साथीदारांना व सामानाला घेऊन तोच विमान चालवीत आला होता. या प्रवासावर पुढे २००९ साली एक चित्रपट निघाला आणि त्याबरोबर गाण्यांचा संचही प्रसिद्ध झाला. त्या संचाची रचना अशी की, एका शहरातून एक गाणे घ्यावयाचे. मुंबईच्या वाट्याला महायुद्धातील लढाऊ वैमानिकांवरचे एक गाणे आले. मैदानात दोन तासांच्या आसपास जे घडले त्यातील एवढेच अधिकृतपणे जतन झाले.

मग बाकीची संध्याकाळ कोठे आहे? गाण्यांचा क्रम काय होता, गायकाने मुंबईच्या लोकांना काय म्हटले, कोणत्या ओळीला मैदान उसळले, हे कोणास जाणून घ्यावयाचे असेल तर त्याने श्रोत्यांकडे जावे, दुसरा मार्ग नाही. या मेळाचे श्रोते नुसते शब्दच नव्हे, तर गिटारीच्या सुरावटीही एका आवाजात गातात. कंपनीच्या मुद्रणात हा समूहस्वर मागे सारलेला असतो, कारण तिला गायक विकावयाचा असतो. श्रोत्याच्या खिशातील यंत्र मात्र गर्दीच्या मधोमध असते. त्यात गायक दूर आणि शेजारचा मुलगा जवळ ऐकू येतो. संगीताच्या दृष्टीने हा दोष आहे. इतिहासाच्या दृष्टीने हीच साक्ष आहे. परक्या भाषेतील गाणी मुंबईच्या तरुणांना तोंडपाठ होती की नाही, याचे उत्तर अशा सदोष मुद्रणातच मिळावयाचे.

या प्रकाराचा तर प्रसारच श्रोत्यांनी केला. अमेरिकेतील ‘मेटालिका’ या मेळाने १९८२ साली नमुन्यादाखल एक कॅसेट भरली होती. तिच्या प्रतींच्या प्रती होत ती टपालाने आणि हातोहात देशोदेशी गेली, आणि १९८३ साली त्यांची पहिली तबकडी निघाली तेव्हा त्यांना चाहते आधीच मिळालेले होते. पोथीची नक्कल करून ती पुढच्या गावी धाडण्याची आपली जुनी रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना यात अपरिचित असे काही वाटू नये.

वस्तुतः ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याचे जतन करावे ही गोष्ट मराठीला तिच्या बाळपणापासून ठाऊक आहे. मराठीतील आद्य चरित्रग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्यामागे इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटाने, ज्यांनी ज्यांनी स्वामींचे शब्द कानांनी ऐकले होते त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन, लीळा संकलित केल्या. हे काम आपल्या वऱ्हाडात रिद्धपूरच्या परिसरात झाले. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली; तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणीवरून ती पुन्हा उभी करण्यात आली, आणि म्हणून तिचे निरनिराळे पाठ झाले. एका श्रोत्याचा एक पाठ, दुसऱ्याचा दुसरा. महानुभावांनी हे पाठभेद लपविले नाहीत. कोणाचा पाठ कोणता, हे नावानिशी नोंदून ठेवले. श्रोत्याच्या साक्षीचा उपयोग कसा करावा याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण तर आपल्या उंबरठ्यावरचे. महात्माजी १९३६ साली शेगावास राहावयास आले आणि १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी ते जे बोलत, त्याचे ध्वनिमुद्रण कोण करणार? महात्माजींचा आवाज १९३१ साली लंडनमध्ये एका तबकडीवर घेण्यात आला होता. तो काही मिनिटांचा. दिल्लीतील अखेरच्या दिवसांतील प्रार्थनाप्रवचने आकाशवाणीने मुद्रित केली. पण मधल्या सेवाग्रामच्या वर्षांतील बोलणे आपल्यापर्यंत आले ते ऐकणाऱ्यांच्या लेखणीतून, आणि त्यांत मुख्य लेखणी महादेवभाई देसाई यांची. ते वर्ध्यास मगनवाडीत राहत आणि तेथून उन्हातान्हात पायी सेवाग्रामला जाऊन येत. १९१७ पासून १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान महालात देह ठेवीपर्यंत त्यांचे टिपण चालले होते. ते टिपण नसते तर सेवाग्रामच्या झोपड्या तेवढ्या राहिल्या असत्या. तेथील बोलणे वाऱ्यावर गेले असते.

आता गाण्याकडे वळू. बोलणे लेखणीने टिपता येते. बंदिशीचे स्वरलेखनही करता येते. परंतु आवाजाचा लगाव, मींड, दोन स्वरांमधील थांबणे हे लेखणीच्या हाती लागत नाही. त्यासाठी यंत्र पाहिजे. आपल्याकडे नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेझबर्ग याने कलकत्त्यास गौहरजान हिचे गाणे तबकडीवर घेतले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव उच्चारते, ते नाव आजही ऐकता येते. त्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे चाले. तीन मिनिटांत ख्याल कसा बसावा? गवयांनी तो बसविला, हे त्यांचे कौशल्य. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आजही मनाला चटका लावतात. परंतु एवढ्याच तबकड्या उरल्या असत्या तर शंभर वर्षांनंतरच्या संशोधकाने काय लिहिले असते? हिंदुस्थानात ख्याल नावाचा तीन मिनिटांचा गीतप्रकार असून त्यात आलापाला फारशी जागा नव्हती, असेच त्याने लिहिले असते. बखरीवर विसंबणाऱ्याची अशी फसगत होते.

आणि ज्यांची तबकडीही नाही त्यांचे काय? भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांनी भारत गायन समाज स्थापन केला, ‘स्वयंवरा’ला चाली दिल्या, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांसारखे शिष्य घडविले, पण त्यांचा आवाज कोठेही नाही. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते; ध्वनिमुद्रणाची सोय हाताशी असूनही त्यांची तबकडी निघाली नाही. त्यांचे गाणे कसे होते हे आम्ही शिष्यांच्या गळ्यावरून ताडतो, म्हणजे मूळ पत्र गहाळ झाल्यावर उत्तरावरून त्याचा मजकूर ताडावा तसे.

त्याच काळी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन नाट्यगृहात लायोनेल मेपल्सन नावाचा ग्रंथपाल होता. कंपनीचा माणूस नव्हे, गाण्याचा वेडा. १९०१ ते १९०३ या काळात त्याने एडिसनचे यंत्र रंगमंचाच्या कानाकोपऱ्यांत लपवून, चालू प्रयोगातील गायन मेणाच्या नळकांड्यांवर घेतले. एकेक तुकडा दोनेक मिनिटांचा, खरखर एवढी की कान देऊन ऐकावे लागते. तरी ज्यां द रेझ्के या त्या काळच्या विख्यात गायकाचा आवाज आज ऐकावयाचा तर तो त्या नळकांड्यांतच. प्रेक्षागृहात चाललेले गायन हौसेपोटी पकडण्याचा हा पहिल्यांपैकी एक प्रयत्न, आणि त्याने पुढच्या साऱ्या श्रोत्यांना वाट दाखविली.

ती वाट रुंद झाली चुंबकीय फितीमुळे. लोहचूर्णाचा लेप दिलेल्या फितीवर आवाज उमटविणारे यंत्र जर्मनीत १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले गेले, आणि १९ नोव्हेंबर १९३६ रोजी लुडविग्सहाफेन येथे लंडनच्या वाद्यवृंदाचा आख्खा जलसा फितीवर घेण्यात आला. महायुद्धानंतर ही यंत्रे घरगुती झाली. आपल्याकडेही पन्नाशीच्या व साठीच्या दशकांत कोणा डॉक्टराच्या, वकिलाच्या, गिरणीतील अधिकाऱ्याच्या घरी ग्रुंडिग किंवा तत्सम कंपनीचा स्पूलचा टेपरेकॉर्डर दिसू लागला. सात इंची चकरीवर १२०० फूट फीत मावे. सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने ती एका बाजूस ६४ मिनिटे चाले. दुप्पट वेगाने ३२ मिनिटे, पण आवाज अधिक स्वच्छ. म्हणजे तीन मिनिटांच्या जागी तासभर! विलंबित ख्याल प्रथमच आपल्या खऱ्या लांबीरुंदीसह जतन होऊ लागला. १९६३ साली कॅसेट आली आणि जे डॉक्टर-वकिलांना परवडत होते ते मास्तरांना व कारकुनांनाही परवडू लागले.

याचे फळ कोणते, हे पाहावयाचे तर आपल्या विदर्भाचेच एक नाव घ्यावे. डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूरचा. त्यांचे बालपण व शिक्षण नागपूरचे. पुण्यास लष्करी हिशेबखात्यात नोकरी करता करता ते गात राहिले, आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाने त्यांचे नाव घरोघर गेले. १९८३ साली ते गेले. त्यांचे मैफिलीतील मनमुराद गाणे, ती वळणे आणि मध्येच श्रोत्यांशी होणाऱ्या गप्पा, हे पुढच्या पिढीला पुष्कळ अंशी मैफिलींच्या फितींवरून ठाऊक झाले. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने अशा मैफिलींच्या कॅसेटी काढून त्या रसिकांपर्यंत पोहोचविल्या. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या बाबतीतही श्रोत्यांनी राखलेले धन मोठे आहे. या मंडळींनी एकच राग निरनिराळ्या वर्षी निरनिराळा कसा गायला, हे तबकडी सांगू शकत नाही, कारण तबकडी एकदाच निघते. ते पाच ठिकाणच्या पाच श्रोत्यांच्या फिती शेजारी ठेवूनच कळते.

परंतु साक्षीदार आहे म्हणून त्याचे सगळेच खरे मानावयाचे नसते. राजवाडे कागद हाती आला की त्याची शाई, वळण, मिती तपासत. तशीच फीतही तपासावी लागते. पुष्कळदा डबीवर लिहिलेली तारीख मैफिलीची नसून नक्कल केल्याची असते. फीत वेगात फिरली तर स्वर चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये ऐकू येऊ लागला तर यंत्र सुमारे सहा टक्के घाईत होते असे समजावे. याची परीक्षा करण्यास एक नामी साधन आहे. जुन्या मुद्रणांत विजेची बारीक घरघर भरलेली असते, आणि आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असल्यामुळे त्या घरघरीचा स्वर ठरलेला असतो. घरघर चढलेली असेल तर गाणेही चढलेले आहे. ज्या दोषाला आपण नाक मुरडतो तोच येथे पंच होतो.

श्रोत्याची आवडनिवडही ध्यानात ठेवली पाहिजे. अमेरिकेत डीन बेनेडेटी नावाच्या वादकाने १९४७-४८ साली चार्ली पार्कर या जॅझवादकाचे वादन अनेक रात्री टिपले. पण पार्कर वाजवू लागला की यंत्र सुरू आणि साथीदारांची पाळी आली की बहुधा यंत्र बंद. फीत महाग, भक्ती मोठी! पार्करच्या अभ्यासकाला हा ठेवा अमोल आहे. त्या रात्री साथीदार कसे वाजवीत होते, हे विचारणाऱ्याला मात्र तो मुका आहे. आपल्याकडच्या फितींतही ख्याल असतो आणि तबल्याची लावणी, निवेदन, मध्यंतरातील बोलणे गाळलेले असते. इतिहासाला तेही हवे असते.

आता सर्वांत अवघड प्रश्न. गाणाऱ्याची इच्छा नसेल तर? केसरबाई केरकर ध्वनिक्षेपक आणि तबकडी यांविषयी फार कडक होत्या. योग असा की, ज्या बाईंनी आपल्या गाण्याला यंत्रापासून इतके जपले, त्यांचीच भैरवीची एक तबकडी निवडली जाऊन १९७७ साली व्हॉयेजर यानांवर बसली आणि सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. त्यांचा कडकपणा म्हणजे निव्वळ लहर नव्हे. मैफलीतला कलावंत त्या घटकेला, त्या माणसांसमोर, चुकण्याचे स्वातंत्र्य घेऊन गात असतो. अडलेली तान घरी नेऊन चार लोकांना हसत ऐकविणे म्हणजे त्या विश्वासाचा घात होय. कायद्यानेही याचा विचार केला आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन कलावंताला आपल्या प्रयोगावर हक्क मिळाला, आणि १९९९ च्या दुरुस्तीने त्याची मुदत पन्नास वर्षे झाली. मात्र स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हा त्या हक्काचा भंग नव्हे, असेही तोच कायदा म्हणतो.

आम्हांस ही सीमा शहाणपणाची वाटते. राखावे, अभ्यासावे, विकू नये. जेथे कलावंत स्पष्ट ‘नाही’ म्हणतो तेथे यंत्र पिशवीतच ठेवावे, मग इतिहासाचे नुकसान झाले तरी चालेल. कारण इतिहासासाठी माणूस नसून माणसासाठी इतिहास आहे. पण पूर्वीच झालेले मुद्रण, चोरून झाले म्हणून, जाळून टाकावे असेही नाही. मेपल्सनची नळकांडी कोणी जाळली असती तर नीती वाढली नसती, एक आवाज मात्र कायमचा गेला असता.

शेवटी आपल्या जिल्ह्याविषयी. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, देवळी येथील जुन्या घरांतून संगीतसभांच्या, कीर्तनांच्या, भजनांच्या, व्याख्यानांच्या फिती आणि कॅसेटी पडून असतील. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ पर्यंत हयात होते. १९३६ साली ते महात्माजींच्या आश्रमात राहून गेले. त्यांची खंजिरी एखाद्या गावच्या पटांगणात कोणी फितीवर घेतली असेल. विनोबा १९८२ पर्यंत पवनारास होते. पवनारच्या एखाद्या सकाळचा आवाज एखाद्याच्या कपाटात असेल. घरातील वडील गेले, यंत्र बिघडले, आणि मुलांना या चकऱ्या कशाच्या हे माहीत नाही, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे. आपला उन्हाळा फितीचा वैरी, आणि आपला पावसाळा त्याहून मोठा वैरी. उष्म्याने फीत आकसते, लेप सुटतो; ओलीने बुरशी धरते. कागद शेपाचशे वर्षे टिकतो. फितीचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून फारसे मोठे नाही.

म्हणून करावयाचे ते साधे आहे, पण आज करावयाचे आहे. फीत सापडली तर ती लगेच यंत्रावर चढवू नये. बुरशी धरलेली फीत एकदा चुकीची फिरली की संपली. ती थंड, कोरड्या जागी, उभी ठेवावी, लोहचुंबक व ध्वनिवर्धकापासून दूर. डबीवरची अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावी, चुकीची वाटली तरी. घरात ज्यांना आठवते त्यांना विचारून, कोण गायले, कोठे, कोणत्या निमित्ताने, साथीला कोण, हे वहीत लिहावे आणि सांगणाऱ्याचे नावही लिहावे, म्हाइंभटाने लिहिले तसे. मग जाणत्याकडून तिची संगणकावर नक्कल करून घ्यावी, आणि एक प्रत गावच्या ग्रंथालयात ठेवावी. मूळ फीत मात्र टाकू नये. आजच्या नकलेत जे ऐकू येत नाही ते उद्याच्या यंत्राला ऐकू येईल.

तरुणांनाही हेच सांगणे आहे. तुम्ही मुंबई-पुण्यास जाऊन त्या गडगडाटी मेळांचे जलसे ऐकता आणि खिशातील यंत्रावर ते टिपता. टिपलेल्याला तारीख घाला, ठिकाण घाला, यंत्र बदलताना ते पुसू नका. त्या आवाजाची गोडी आम्हांस कळो वा न कळो. आमच्या आजोबांना तबकडीवरचे गाणेही गाणे वाटत नव्हते. पन्नास वर्षांनी कोणी विचारील की, या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील तरुण काय ऐकत होते आणि ऐकताना कसे ओरडत होते, तेव्हा कंपनीचा संच त्याला एक गाणे देईल. उरलेली संध्याकाळ त्याला तुमच्याकडून मिळावयाची आहे.